व्याजस्तुतीचं व्याज

प्लासिड सरांचं ठाम मत होतं, की तोंडावर शिवी घालणं हे अडाण्याचं काम! शहाणा माणूस स्तुती करतो आणि ऐकणारा घरी जाऊन रडतो! याला म्हणतात व्याजस्तुती. बाहेरून कौतुक, आतून चपराक. शाळेत अलंकार शिकवण्यात त्यांची अख्खी हयात गेली होती.

आता ती विद्या कामाला येणार होती. फुलपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीचा पंप दिवाळीपासून जळून पडला होता आणि चेअरमन प्रितेश नुसता "करतो ना, सर" म्हणत होता. बिल्डिंगला लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यापर्यंत बादल्या वाहून सर रडकुंडीला आले होते. रविवारी आवारातल्या सभेत चेअरमनची निवड होती. प्रितेश पुन्हा आला, तर आणखी पाच वर्षं बादल्याच!

तिसऱ्या मजल्यावरच्या भागूबाई पदर खोचूनच सभेला आल्या. "मी सांगतं त्याला! पानी नाय, तं खुर्ची नाय!"

"तुम्ही गप्प बसा, भागूबाई. मी त्याला अलंकारात घेतो," असं म्हणून सर उठले.

"प्रितेशजी, तुमचे उपकार कसे फेडावेत? पंप बंद ठेवून तुम्ही आम्हाला व्यायाम दिलात! माझी शुगर उतरली ती तुमच्या कृपेने!"

प्रितेशचा चेहरा फुलला. भागूबाई विचारात पडल्या. "खरंच की! माजं पन गुडघं सुटलं!"

डाव उलटतोय हे पाहून सरांनी घाईघाईने अतिशयोक्ती काढली. "अहो, या माणसाने आपल्याला वाळवंटात आणून सोडलंय!"

"बायबलातल्या मोशेसारखं!" मागून सॅन्टन ओरडला. तो चर्चच्या कॉयरमध्ये गायचा. "त्याने पण लोकांना वाळवंटातून नेलं! आणि खडकातून पाणी काढलं!"

"आमेन!" चार-पाच जण म्हणाले. टाळ्या पडल्या. ज्यांना मोशे माहीत नव्हता, त्यांनी जरा जास्तच वाजवल्या.

"थांबा हो!" सरांचा आवाज रडका झाला. "ही स्तुती नाही! ही व्याजस्तुती आहे, व्याजस्तुती!"

आता व्याजस्तुतीतलं व्याज म्हणजे ढोंग, हे सरांना ठाऊक. सोसायटीत व्याज म्हणजे व्याज! प्रितेश सेक्रेटरीच्या कानाशी कुजबुजला आणि उभा राहिला.

"सर, पॉइंट समजला. तुम्ही एवढं दिल से बोललात, तर माझ्याकडून पण घ्या. ज्यांचा मेंटेनन्स थकलाय, त्यांचं सगळं व्याज माफ!"

मेंटेनन्स अर्ध्या सोसायटीचा थकला होता! खुर्च्या उलटल्या. भागूबाईंनी सरांवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. प्रितेश बिनविरोध निवडून आला आणि सूचक म्हणून नाव लागलं प्लासिड सरांचं! धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं सरांना झालं.

पलीकडे टाकीपाशी त्यांची बायको, रोझमेरी, भरलेल्या बादल्या घेऊन उभी होती. तिने सगळं भाषण ऐकलं होतं. आता आपली धडगत नाही, हे सरांनी ओळखलं. पण ती अगदी शांतपणे म्हणाली, "काय सुंदर बोललात हो! तुमच्यासारखा हुशार नवरा मिळायला देवाची खास कृपा लागते."

सरांना भरून आलं. एवढ्या जगात एकीला तरी आपली किंमत कळली! दोन्ही बादल्या उचलून ते उत्साहाने जिना चढू लागले.

अलंकार कुठला होता, ते त्यांना तिसऱ्या मजल्यावर कळलं.