बोटभर जागा

दुसरीच्या बाईंनी यंदा ठरवलं होतं, वर्गाची पार्टी करायची, पण ती झाल्याचं शेजारच्या वर्गालासुद्धा कळता कामा नये. मागच्या वर्षी साठ फुगे होते, दोन मजली केक होता आणि मदतीला अकरा आया होत्या. अकरा आया म्हणजे बारा मतं. त्या ओढाताणीत केकचा वरचा मजला घसरून खुर्चीवर पडला आणि पाहणीला आलेल्या मोठ्या बाई नेमक्या त्याच खुर्चीवर टेकल्या. साडीवरचा डाग दोन धुण्यांत गेला. मनावरचा काही जाईना.

"यंदा शेवटची संधी," मोठ्या बाईंनी बजावलं होतं. "जरा जरी गोंधळ झाला, तर या शाळेत 'पार्टी' हा शब्द फक्त शुद्धलेखनात राहील."

बाईंना मात्र ती पार्टी मनापासून हवी होती. वर्षभर हाताची घडी आणि तोंडावर बोट ठेवून बसणाऱ्या चौतीस पोरांना चाळीस मिनिटं तरी खदखदून हसायला मिळावं, एवढीच त्यांची हौस. म्हणून बेतही अगदी सुटसुटीत आखला: एक गोष्ट, एक गाणं, एक चित्र, आणि शाळेकडून प्रत्येकाला एकेक केळं. आदल्या दिवशी शेवटच्या तासाला त्यांनी फळ्यावर एका ओळीची सूचना लिहिली, मुलांनी ती वहीत उतरवली आणि बाईंनी चौतीस वह्यांवर भराभर सह्या ठोकल्या. घंटा व्हायला पाच मिनिटं उरली होती. त्यामुळे वाचलं काहीच नाही, फक्त शब्दाशब्दांत जागा सोडली आहे की नाही ते पाहिलं.

कारण जागा हा बाईंचा हळवा कोपरा होता. "शब्द संपला की बोट ठेवा, बोटभर जागा सोडा, मग पुढचा शब्द," हे त्या झोपेतही म्हणाल्या असत्या. तेहतीस मुलं ते शिकली होती. चौतिसावी मुलगी शब्दाला शब्द जोडून डबे लावल्यासारखं लिहायची, म्हणून वर्गाने तिचं नाव आगगाडी ठेवलं होतं. कालही बाईंनी तिच्या ओळीखाली लाल पेन्सिलीने 'जागा सोड!' असं लिहिलंच.

सकाळी बाई वर्गात आल्या, तेव्हा पहिल्या बाकावर इस्त्री होती.

"हे काय गं?"

"पार्टीला आणलंय, बाई."

"इस्त्री?"

"आई म्हणाली, काहीही म्हणजे काहीही. हीच समोर होती."

शेजारच्या मुलाने दप्तरातून पितळी नळ काढला. त्याचे वडील नळदुरुस्ती करत, त्यामुळे काढायचा कसा, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. "मी स्वतः सोडवला, बाई! बाबांना माहीतपण नाही." तिसऱ्याने टीव्हीचा रिमोट आणला होता, चौथीने घराचं कुलूप, किल्लीसकट. पाचवीने एक वाटी हळूच टेबलावर ठेवली. बाईंनी झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं. आत कुणाचे तरी दात हसत होते.

"अरे, पण हे सगळं आणायला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच!" तेहतीस तोंडं एका सुरात म्हणाली.

तरी वस्तू परवडल्या, त्या निदान गप्प होत्या. पण इस्त्रीला मालक असतो आणि दातांनाही असतो. नऊ वाजता नळवाल्या मुलाची आई चिंब भिजलेल्या साडीत दारात उभी राहिली.

"आधी नळ द्या! नऊला पाणी येतं आमच्याकडे. भिंतीतून धबधबा सुरू झालाय. भोकाला बोळा लावून आलेय!"

ती नळ घेऊन पळाली, तोच काठी आपटत एक आजोबा आत आले. गाल आत गेलेले, चेहरा लालबुंद. ते बाईंसमोर येऊन कळवळून म्हणाले, "माफी! माफी!"

"छे छे, आजोबा, माफी कसली मागता? बसा ना."

"माफी कवफी!" आजोबांनी काठी आपटली.

"बाई, ते 'माझी कवळी' म्हणतायत," वाटीवाली नात म्हणाली.

पाठोपाठ इस्त्रीची आई आली, आणि कुलपाचे बाबा आले. घर उघडं टाकून निघता येईना, म्हणून त्यांनी दाराला सुतळी बांधली होती. सगळे एकदम बोलायला लागले, मुलं बाकांवर चढली आणि त्या कल्लोळात दार पुन्हा उघडलं. या वेळी मोठ्या बाई होत्या.

"ही तुमची साधी पार्टी?"

पार्टी गेली, यंदाचीही आणि पुढचीही. आणि माणूस बुडायला लागला की हाताला लागेल ते धरतो, तसं बाईंनी मुलांनाच धरलं. "मी घरून काही आणायचं नाही असं लिहिलं होतं. मुलांनी चुकीचं उतरवलं."

"वह्या बघू."

पहिली वही उघडली. 'घरून काहीही आणून ये.' दुसरी उघडली. 'घरून काहीही आणून ये.' वळणदार अक्षर, बोटभर जागा, खाली बाईंची सही.

"तेहतीस जणांची एकच चूक? आणि तीही तुमच्या सहीनिशी?"

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हुंदका आला. आगगाडी रडत होती. तिच्या बाकावर एकही वस्तू नव्हती.

"माझ्याकडेच काही नाही. आई म्हणाली, बाईंनी नको लिहिलंय."

मोठ्या बाईंनी तिची वही घेतली. 'घरूनकाहीहीआणूनये.' कुठे म्हणून जागा नाही. त्यामुळे तिच्या आईला ती स्वतःच्या अकलेने सोडावी लागली होती. मोठ्या बाईंनी 'णू'नंतर बोट ठेवलं. मग ते उचलून 'न'नंतर ठेवलं. मग त्यांनी फळ्याकडे पाहिलं.

फळा दोन फळ्या जोडून केलेला होता आणि मधल्या सांध्यावर खडू अडखळायचा. कालची ओळ तशीच होती. घाईत बाईंनी 'न' सांध्याच्या अलीकडे कोंबला होता आणि 'ये' पलीकडे नेला होता. 'ध'चा 'मा' करायलाही निदान एक अक्षर बदलावं लागतं. इथे सगळी अक्षरं जागच्या जागी होती, हललं होतं ते फक्त बोट.

बाईंना फार लाज वाटली, आणि ती चुकीपेक्षा मघाच्या वाक्याची जास्त वाटली. त्या शेवटच्या बाकापाशी जाऊन खाली वाकल्या.

"रडू नकोस. अख्ख्या वर्गात तुझंच बरोबर आहे. चूक माझी आहे. आणि ढकलली मी तुमच्यावर."

बाकांवर चढलेली पोरं आपोआप खाली उतरली. बाईंची चूक होऊ शकते, ही बातमीच इतकी मोठी होती. मग नळवाला धीर करून म्हणाला, "बाई, चुकलं की दहा वेळा लिहायचं असतं ना?"

बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी खुर्चीवरून आधी हात फिरवला, काही चिकटत नाही ना याची खात्री केली आणि मग बसल्या. "नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या.

बाईंनी खडू उचलला. प्रत्येक शब्द संपला की बोट ठेवायचं काम आगगाडीला मिळालं, आणि तिचा हात पोचावा म्हणून तिला स्टुलावर उभं केलं. वर्ग मोजत होता. कवळी बसवलेले आजोबा सगळ्यांत मोठ्याने मोजत होते. चौथ्या ओळीला जागा जरा कमी पडली, तशी आगगाडी ओरडली, "बाई, परत!" आणि पोरं हसून हसून बाकांवर लोळली. गोष्ट राहिली, गाणं राहिलं, चित्रही राहिलं. केळी तेवढी संपली.

"खर्च किती?" जाताना मोठ्या बाईंनी विचारलं.

"केळी आणि एक खडू."

"पुढच्या वर्षीही हेच ठेवा." दोन पावलं जाऊन त्या वळल्या. "सूचना मात्र मी लिहीन."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पार्टीबद्दल एक ओळ लिहायला सांगितली. आगगाडीच्या वहीत होतं, 'कालबाईंचीचूकझालीखूपमजाआली.' सवयीने लाल पेन्सिल वर गेली. मग बाईंनी ती खाली ठेवली, निळं पेन घेतलं आणि ओळीखाली लिहिलं, 'मलासुद्धाआली.'

आगगाडीने ते एकेक अक्षर लावून वाचलं. मग 'मला'नंतर बोट ठेवून ती गंभीरपणे म्हणाली, "बाई, जागा सोडा."