प्रतिकारशक्तीची वसुली

तापाची साथ येणार अशी कुणकुण लागताच कार्यालयाने परिपत्रक काढले. समतोल आहार व नियमित व्यायामाने आजार गंभीर होण्याचा धोका कमी होऊ शकतो. सबब प्रत्येकाने रोज आठ हजार पावले चालावीत आणि दुपारी कार्यालयाकडून मिळणाऱ्या उकडलेल्या भाज्या व फळे सही करून खावीत. पावले मोजायला सोळा जणांना सोळा मनगटी पट्टे मिळाले.

"मामा, तुम्ही नाहीतरी फायली घेऊन वरखाली करताच," हेडक्लार्कबाई म्हणाल्या. "माझा पट्टा तेवढा चढवा ना हातात."

मामा म्हणजे तिथले शिपाई. चार महिन्यांनी निवृत्त होऊन मुलीकडे, नातीजवळ राहायला जाणार होते. जाता जाता कशाला कुणाला दुखवा, म्हणून त्यांनी पट्टा घातला. बघता बघता दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. सह्या झालेल्या भाज्याही त्यांच्याकडेच सरकू लागल्या. अन्न टाकवत नाही, म्हणून बिचारे खात राहिले.

साथ आली. सोळाच्या सोळा जण आडवे झाले. साहेब तर आठवडाभर इस्पितळात होते. मामा दोनदा शिंकले आणि फायली घेऊन वर गेले.

मग चौकशी बसली. कागदोपत्री सगळे सारखेच चालले होते, सारखेच जेवले होते. तर ठणठणीत एकटा शिपाईच कसा? समितीने निष्कर्ष काढला की, कार्यालयाची सामूहिक प्रतिकारशक्ती सदर इसमाने परस्पर वापरली. ती परत करेपर्यंत निवृत्ती स्थगित.

मामांनी हात जोडले. "साहेब, द्यायला मी एका पायावर तयार आहे," ते म्हणाले, "पण ती पोत्यात भरून कशी देऊ? सकाळी सातला जिन्यापाशी या, माझ्याबरोबर चाला. आपापल्या भाज्या खा. येईल हळूहळू ज्याची त्याच्याकडे."

"रास्त आहे," साहेब म्हणाले आणि तसा आदेश निघाला.

पहिल्या दिवशी कुणाचे गुडघे दुखत होते, दुसऱ्या दिवशी कुणाकडे पाहुणे आले, तिसऱ्या दिवशी सर्वानुमते सोमवारपासून सुरुवात करायचे ठरले. असे कितीतरी सोमवार गेले. वसुली शून्य. नात फोनवर विचारते, "आजोबा, कधी येणार?" तेव्हा मामांना खरंच रडू येतं.

अखेर साहेबांनी उदार मनाने सवलत दिली: कर्मचारी नसतील तर बाहेरचे कुणीही सोळा जण चालले तरी चालेल. मामा जिन्यापाशी उभे आहेत. अजून एकही आलेला नाही.

तुम्ही याल का? सावकाश सांगा. आधी तोंडातलं तळलेलं तेवढं गिळा.