प्लॅस्टिकमधला आणा

झाडेकाकांकडे पाहुणा आला की ते आधी त्याचे हात हुंगतात. तर्रीपोह्याचा वास आला तर सरळ मोरी दाखवतात. "साबनानं धू. तेल लागलं तं कागद मेलाच समज."

कागद म्हणजे त्यांची कुपनं. महायुद्धात धातू तोफांकडे गेला, सुटी नाणी मिळेनाशी झाली, तेव्हा काही संस्थानांनी आण्या-पैशांची पुठ्ठ्याची कुपनं छापली. टपाल तिकिटाएवढी. आमच्या या शेजाऱ्यानं बुटीबोरीच्या कारखान्यातला पगार या चिटोऱ्यांवर उधळला.

दुसरा संग्रह रागाचा. टाचणी लावणाऱ्यांवर राग, घडी घालणाऱ्यांवर राग. किराणावाल्यानं सुट्ट्यांऐवजी चॉकलेट दिलं की संपलंच. "लढाई चालू हाये का गा? अन् चिल्लर नाही तं कुपन छाप, सही कर. चॉकलेट काहून देऊन राहिला?"

पण लॅमिनेशनचं नाव काढलं की त्यांच्या कानशिलाच्या शिरा फुगतात.

त्याला कारण लताकाकू. काकांच्या वाढदिवसाला त्यांनी काकांचं सर्वांत लाडकं, एक आण्याचं कुपन झेरॉक्सच्या दुकानात नेलं, स्वतःच्या हातानं प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं आणि लॅमिनेट करून आणलं. मशीनच्या उष्णतेनं शाई पसरली. काकांनी गल्ली डोक्यावर घेतली. "जिता जाळला वं तू त्याले."

काकू एवढंच म्हणाल्या, "आता तरी कोनाचे हात हुंगू नका. मानसं घरी येतीन."

दिवाळीनंतर काकू वारल्या. काकांचा राग तेवढाच राहिला, फक्त ऐकून घेणारं घरात कुणी उरलं नाही. म्हणून मी जातो.

परवा नाण्यांच्या प्रदर्शनातला एक जाणकार आला. हात धुऊन बसला. ते कुपन पाहून म्हणाला, "काका, हे प्लॅस्टिक मी अलगद सोडवून देतो."

"खाली ठेव," काका ओरडले. "अन् ऊठ."

बिचारा अर्धा चहा टाकून गेला. मीही भडकलो. इतके दिवस ज्या प्लॅस्टिकच्या नावानं शिमगा केला, ते काढणारा माणूस घरी आला, तर त्यालाच हाकलायचं?

काकांनी रागारागात कुपन माझ्या हातात कोंबलं. माझे हात पहिल्यांदाच हुंगले नाहीत.

"उजेडाकडं धर."

आण्याच्या कडेला, प्लॅस्टिकच्या आत, एक लांब पांढरा केस अडकला होता.

"प्लॅस्टिक काढलं तं हा बी निघन ना गा," काका म्हणाले.