ताजी शाळा, बर्फातली नाय

आमच्या सोसायटीच्या गेटवर बोर्ड आहे, ‘फेरीवाल्यांना सक्त मनाई’. त्या बोर्डाखालून नाखवाबाई डोक्यावर टोपली घेऊन आत शिरायच्या आणि जिन्यात हाळी द्यायच्या, ‘‘शाळा घ्या, शाळा. ताजी हाय, बर्फातली नाय.’’

गेटवर मी असायचो. पाचवीत शाळा सोडून वाशीमकडून नवी मुंबईत रोडपालीला आलेला वॉचमन. माझी नोकरी सेक्रेटरी साहेबांच्या मूडवर. साहेब विचारायचे, फेरीवालीला आत का सोडलं? मी म्हणायचो, साहेब, त्या मागच्या झेडपी शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. मग टोपली कशाला, म्हणाले की मी बाईंकडे बोट दाखवायचो.

उत्तर बाईंकडे होतं. त्या उरणकडच्या कोळ्यांच्या. आईनं दारोदार मासे विकून त्यांना शिकवलेलं. तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले की बाई पुस्तकासारखं बोलत, पण सोसायटीत त्यांची जीभ घरी यायची. ‘‘गिऱ्हाईक बाजारात येत नसंल तर बाजार त्याच्या दारात न्यायचा,’’ म्हणायच्या.

आणि गिऱ्हाईक खरंच येत नव्हतं. आमच्या लोकांना ती शाळा फक्त मतदानाच्या दिवशी आठवायची. जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरला नाही तर शाळा बंद, असं बाईंना वरून सांगितलं होतं. म्हणून सुट्टीभर टोपली.

टोपलीत पोरांनी केलेले मातीचे खेकडे, चित्रं, गणितं. जिन्यात फडकं पसरून बाई त्याचे वाटे लावायच्या. ‘‘हात लावून बघा. बसमधनं जाणारी पोरं दमून बर्फातल्या पापलेटासारखी होतात.’’ दुसऱ्या मजल्यावरच्या देशमुख मॅडमनी इंग्रजीचं विचारलं. सेमी हाय. संडासाचं विचारलं. बाईंनी त्यांना हाताला धरून, गाऊनवर ओढणी तशीच, थेट शाळेच्या संडासाशी नेलं आणि माशाचा कल्ला उघडून दाखवावा तसं दार उघडलं. ‘‘वास घ्या.’’ मॅडमनी घेतला. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच, मुद्दाम.

पण पहिलं नाव आलं ते माझ्या राणीचं. ती तेव्हा नुकतीच आईबरोबर गावाहून आलेली. कोळीण पहिल्या विक्रीची नोट कपाळाला लावते, तसा बाईंनी राणीचा हात स्वतःच्या कपाळाला लावला. ‘‘भवानी झाली.’’ मी घाबरत म्हणालो, बाई, वॉचमनची पोरगी पहिली म्हटल्यावर साहेबलोक कसे येतील? तर म्हणाल्या, ‘‘भवानीला नावं ठेवायची नाय.’’ आमच्या घरातल्या कुणाला तोवर कुणी शुभ म्हटलं नव्हतं.

बाई सगळ्या दारांवर जायच्या, तिसऱ्या मजल्यावरचं उजवीकडचं एक दार सोडून. मला वाटायचं, तिथे कुत्रा असेल. मग एकदा सेक्रेटरींनी भर जिन्यात विचारलं, ‘‘बाई, तुमची नात याच बिल्डिंगमधून बसने जाते. आधी घरचं बघा ना.’’

लोक हसले. बाईंनी वाटे गोळा केले, एक खेकडा फुटला, आणि खाली गेटवर येऊन स्टुलावर बसल्या.

‘‘लेक माझ्याच शाळेत शिकला. इंजिनीर झाला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नातीच्या शाळेवरनं वाजलं. सून म्हनली, यायचं तर आजी म्हनून या, बाई म्हनून नको.’’

‘‘मग जायचं ना, आजी म्हणून.’’

‘‘मला दुसरं काय येतच नाय रे.’’

जूनमध्ये देशमुख मॅडमचा मुलगा आला. त्यांचं बघून आणखी चार घरं आली. कारण संडासाचा न येणारा वास, दुसरं काही नाही. पहिलीचा वर्ग भरला, शाळा राहिली. राणी त्याच वर्गात पहिल्या बाकावर बसून देशमुखांच्या मुलाला दमात घेते, असं कळतं.

आता टोपलीचं काम संपलं होतं. तरी एका सकाळी शाळा भरायच्या आधी बाई टोपली घेऊन गेटच्या आत हजर. मी म्हटलं, आता काय विकता? ‘‘गिऱ्हाईक ऱ्हायलंय एक.’’

बसचा हॉर्न वाजला. तिसऱ्या मजल्यावरची चिमुरडी टाय सावरत धावत खाली आली. बाईंनी फडकं बाजूला केलं. आत एकच मातीचा खेकडा. हाळीनं बिल्डिंग हलवणाऱ्या बाईंनी तो नुसता पुढे केला. पोरीनं खेकडा डब्याच्या पिशवीत लपवला, वर बाल्कनीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘आजी, उद्या कोळंबी आण.’’

बस गेली. मागून सेक्रेटरी साहेब आले. वर्ग भरला ना यांचा, मग आता कशाला सोडलंस आत, म्हणाले.

मी उभा राहिलो. म्हटलं, ‘‘साहेब, आज त्या आजी म्हणून आल्यात.’’