वजा तीस फूट खोलीवरची वॉरंटी

वॉरंटी नसलेली वस्तू घरात आणणारा माणूस आणि पत्रिका न बघता मुलगी देणारा बाप, दोघंही पुढे नशिबालाच बोल लावतात. शिशिर वरघणे यांना हे सत्य फार लवकर उमगलं होतं. रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात ते सव्वीस वर्षं खरेदी खात्यात होते, आणि तीन कोटेशनं मागवल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही घेतलं नव्हतं (लग्नाच्या वेळी मुलीही तीनच बघितल्या, रमा दुसरी).

त्यांची मुलगी ईरा (वय तेवीस, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं) नोकरीला लागली आणि आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी तिनं डिसेंबरची अंदमानची तिकिटं काढली. तिथं स्कूबा डायव्हिंग करून समुद्राखालचे प्रवाळ बघायचे, असा बेत. रमाबाईंना समुद्राचं भारी वेड. रायपूरपासून जवळातला जवळचा समुद्र पाचशे किलोमीटरच्या वर असल्यानं ते आजवर कोणाला बाधलं नव्हतं, एवढंच.

"खाली गेलो की मी तुमचा हात धरीन," रमाबाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षांत चारचौघांत कधी धरू दिला नाही तुम्ही. तिथं माशांशिवाय कोण पाहते?"

शिशिररावांना हे मनापासून आवडलं. ते लाजलेसुद्धा.

अडचण एकच होती. डायव्हिंगचं सामान तिथं भाड्यानं मिळतं, आणि ज्यातून श्वास घ्यायचा तो रेग्युलेटर दातांत धरावा लागतो. आदल्या दिवशी तो कोणाच्या दातांत होता, याचं रजिस्टर कोणी ठेवत नाही.

"म्हणजे उष्टंच की!"

"पापा, धो के देते हैं," ईरा म्हणाली.

"दातांचा ब्रश धुवून दिला तर तू घेशील का दुसऱ्याचा?" शिशिररावांनी विचारलं, आणि विषय निकालात निघाला. सामान स्वतःचं घ्यायचं ठरलं.

तीन देशांतल्या तीन दुकानांचे भाव त्यांनी इंटरनेटवरून काढले, तक्ता आखला, शेरे मारले. त्यातलं एक दुकान इतकं स्वस्त होतं, की देशी विक्रेत्याचं नाव घ्यायलाही लाज वाटावी. शिवाय त्याच्या पानावर सोनेरी शिक्का होता: संपूर्ण दोन वर्षं वॉरंटी. शिशिररावांनी आधी त्या शिक्क्याच्या तीन रंगीत प्रती काढल्या, मग दोन रेग्युलेटर मागवले. शिक्क्याखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं. पण शुभकार्यात इतकं वाकून बघू नये, असा आपल्याकडे संकेत आहे.

सामान जुलैत आलं. चाचणी घरीच ठरली, म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत. कारखान्यात गॅसपासून बचावाचे मास्क दुरुस्त करणारा फिटर बाबाराव हवेचा सिलिंडर घेऊन आला. पहिला रेग्युलेटर जोडला, टाकीत बुडवला, आणि तो फुसफुसायला लागला. कोणी श्वास घेवो न घेवो, हवा आपली चालूच. दुसरा जोडला. तोही भावाला भाऊ.

बाबारावनं कान लावला. "साहेब, हा आपल्या मास्कचाच चुलतभाऊ आहे. आतलं वायसर नीट बसलं नाही, दुसरं काही नाही. दहा मिनिटांत करून देतो."

"हात लावू नको! वॉरंटी जाईल!"

"अन् हवा जाऊन राहिली, ते?"

"हवा परत भरता येते, बाबाराव. वॉरंटी येत नाही."

बाबाराव सिलिंडर खांद्यावर टाकून चहा न घेताच गेला. खरेदी खात्याशी वाद घालू नये, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

इथून पत्रव्यवहार सुरू झाला. तो आदर्श म्हणून शाळांत लावायला हरकत नाही. पहिल्या तक्रारीला दोन सेकंदांत उत्तर आलं: तुमची तक्रार आम्हाला अत्यंत महत्त्वाची वाटते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत शिशिररावांना इतक्या वेगानं कोणी महत्त्व दिलं नव्हतं. ते भारावले. पुढचं उत्तर एकोणीस दिवसांनी आलं.

त्याचा सारांश असा. यंत्र बनवणारी कंपनी म्हणाली, माल आमचाच आहे, पण या दुकानाला आम्ही ओळखत नाही. दुकान म्हणालं, गिऱ्हाइकाला आम्ही ओळखतो, पण मालाचं कंपनीलाच विचारा. आता बोला! जत्रेत चुकलेल्या पोरासारखी गत झाली: मावशी म्हणते आत्याचं, आत्या म्हणते मावशीचं. शेवटी दुकानानं मोठ्या मनानं स्वतःची वेगळी वॉरंटी असल्याचं कबूल केलं. मात्र ती 'खरेदीच्या देशात' लागू होती. शिशिररावांनी कळवलं, की मी खरेदी शंकर नगरात, माझ्या दिवाणावर बसून केली. उत्तर आलं, की खरेदी आमचा सर्व्हर जिथं आहे तिथंच झाली. ही बातमी त्यांनी घरात मोठ्यानं वाचून दाखवली. आपण एकदा परदेशी जाऊन आलो, हे त्यांना आतापर्यंत माहीतच नव्हतं.

पुढे एकतीस प्रश्नांचा अर्ज आला. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, ही शिशिररावांची ख्याती.

दोष लक्षात आला तेव्हाची खोली? (वजा तीस फूट. घर दुमजली, टाकी गच्चीवर.)

पाण्याचा प्रकार? (बोअरचं.)

दृश्यमानता? (झाकण उघडल्यास उत्तम.)

सोबतचा डायव्हर? (सौ. रमा, शिडी धरून.)

आसपास आढळलेले सागरी जीव? (बाबाराव.)

एवढी माहिती आजवर कुठल्याही गिऱ्हाइकानं दिली नव्हती, असं दुकानानं कळवलं, आणि यंत्रं मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलसकट परत मागवली. तोवर सप्टेंबर उजाडला होता आणि थर्माकोलचं गणपतीचं मखर झालं होतं. विसर्जनानंतर शिशिररावांनी मखर सोडवून थर्माकोल पुन्हा यंत्राच्या आकारात जुळवला. त्याला थोडी चमकी राहिली. खोकं बांधून तयार झालं, पण ते पाठवायचा पत्ता काही दुकानाकडून येईना.

रमाबाईंनी हे सगळं नोव्हेंबरपर्यंत पाहिलं. मग एक दिवस म्हणाल्या, "अहो, दिवस जवळ आले. काहून अडून बसले? बाबारावले बोलवा ना."

"मी पत्रव्यवहार करून राहिलो ना!"

"मग माझं मले द्या. माझी वॉरंटी गेली तर गेली."

बाबारावनं दहा मिनिटं सांगितली होती, त्याला सात लागली. रमाबाईंचा रेग्युलेटर टाकीच्या तळाशी गुमान बसला. शिशिररावांनी आपल्या फायलीत नोंद केली: एक नग वॉरंटीबाह्य, दुर्दैवी.

डिसेंबरात ते अंदमानला पोचले. तिथं डायव्हिंग शिकवणारी श्रावणी नावाची तरतरीत मुलगी होती. तिनं रमाबाईंचा रेग्युलेटर दोनदा तपासला आणि विचारलं, की इतकी छान दुरुस्ती कोणी केली. मग शिशिररावांसाठी तिनं भाड्याचा काढला. त्यांनी त्याची वॉरंटी विचारली.

"सर, आठ साल से चल रहा है," श्रावणी म्हणाली.

"म्हणजे वॉरंटी संपूनच सहा वर्षं झाली!" शिशिरराव दोन पावलं मागे सरले. उष्ट्याचा मुद्दा होताच. शिवाय वॉरंटीतलं कलम सतरा: दाव्याच्या काळात ग्राहकानं पर्यायी सोय करून घेतल्यास दावा रद्द समजावा. पाच महिने सांभाळलेलं प्रकरण शेवटच्या दिवशी कोण नासवेल? "तू हो पुढे," ते रमाबाईंना म्हणाले. रमाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या पाण्यात उतरल्या.

त्या खाली असतानाच मेल आला. दावा मंजूर! यंत्रं परत पाठवण्याची गरज नाही. नवं वायसर टपालानं रवाना केलं आहे. ते जवळच्या एखाद्या अनुभवी फिटरकडून बसवून घ्यावं, त्यानं वॉरंटीला बाध येणार नाही. शिशिररावांना किनाऱ्यावर नाचावंसं वाटलं.

रमाबाई वर आल्या तेव्हा हसत होत्या आणि थरथरत होत्या. "काय सांगू तुम्हाला! निळं, पिवळं, जांभळं... आणि अहो, मी ठरल्याप्रमाणं हात लांब केला. तर कोणीच नाही बाजूला. मग त्या पोट्टीचाच धरला, वर येईपर्यंत."

शिशिररावांनी त्यांना मेल वाचून दाखवला. त्यांनी केस पिळत पूर्ण ऐकला.

"चांगलं झालं," रमाबाई म्हणाल्या, आणि टॉवेल घेऊन एकट्याच नारळपाण्याच्या गाडीकडे गेल्या. त्यांचे डोळे लाल होते. खाऱ्या पाण्यानं होतात, असं शिशिररावांनी ठरवलं.

वाचकहो, त्यांना खुशाल हसा. फक्त हसून झालं की उठा आणि तुमच्या कपाटातली वॉरंटी कार्डं काढा. दोन हजार नऊ सालातल्या मिक्सरचं कार्ड सापडेल; मिक्सर केव्हाच भंगारवाल्यानं नेला. पंख्याचं आहे, इस्त्रीचं आहे. प्रत्येकावर दुकानाचा शिक्का, सही, तारीख, सगळं जागच्या जागी. आता घरातलं कोणी तुम्हाला शेवटचं 'चला ना' कधी म्हणालं होतं, ती तारीख सांगा.