तिसरी पिन

दस्तगीरचाचा कुणाच्या घरी गेले की पाणी मागत नाहीत, प्लग मागतात. "दाखीव. तिसरी पिन हाय का?" नसली, की खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून प्लग तिथंच खोलतात आणि वायर मोकळी करून चालू पडतात. घरवाला बोंबलत राहतो.

उदगिरात त्यांचं हिटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्याकडे निम्म्या घरांत सॉकेटला दोनच भोकं. त्यामुळं पाणी तापवायचा नवा रॉड आणला, की नारळ फोडावा तशी आधी पकडीनं त्याची अर्थिंगची पिन मोडायची. भाच्याच्या लग्नात चाचांनी असाच एक रॉड बादलीतून उपसला. नवरदेव दात वाजवतच 'कबूल है' म्हणाला.

दुकानाच्या भिंतीवर उघड्या कॉइलची जुनी शेगडी टांगलेली आहे. ती दाखवून चाचा म्हणतात, "ही पैली. लालबुंद व्हायची, मानूस भिऊन राहायचा. मंग रॉड आला, आग पान्यात लपली. गिझर आला, आग डब्यात लपली. शोध कसला? भ्या तेवढं गेलं."

अर्थिंगची एक तार न ओढणारे घरमालक आणि सांगितल्याशिवाय लाईट घालवणारी, आणणारी वीज कंपनी, या दोघांना सोलून काढणारं पत्रक मी छापलं. चाचांना गठ्ठा वाटायला दिला. आठवड्यानं म्हणाले, "लई जळजळीत लिव्हतूस बाबा. एका काडीत बंब पेटला!"

जाब विचारायला मी तडक त्यांच्या घरी गेलो. गावाचे हिटर दुरुस्त करणारा माणूस अंगणात लाकडाच्या बंबासमोर बसून माझी क्रांती एकेक कागद आत सारत होता.

ओट्यावर बिल्किसचाची बसल्या होत्या. उजव्या हाताची बोटं आत वळलेली. त्यांनीच सांगितलं, "लाईट गेलती. पानी तापलं का बघाया बादलीत हात घातला, आन् लाईट आली." तक्रार केली तेव्हा वीज कंपनीचा साहेब म्हणाला होता, "हात घातलाच कशाला?" एवढाच न्याय.

"पिन कुणी मोडली होती?" मी विचारलं. चाचींनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी बंबात जोरात फुंकर मारली.

पाणी तापलं. चाचांनी बादली भरली. अख्ख्या अंगणात वायरीचा तुकडा नव्हता. तरी त्यांनी बाही सारून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तसाच धरला. चटक्यानं डोळ्यांत पाणी आलं, तरी धरला.

मग हाक मारली, "ये बिल्किस. कायच न्हाई."