जाळरेषेचं नाणं

एका जंगलात गवत छातीइतकं वाढायचं, अक्कल मात्र घोट्याच्या वर कधी गेली नाही. तिथे एक साळिंदर राहायचं. मुलांनो, ते साळिंदर म्हणजे मी. अंगावरच्या काट्यानेच रोजनिशी लिहितो, तेव्हा पुढचं सगळं तिथीनिशी खरं आहे.

आमचं सरकार म्हणजे एक हत्ती. दर माघात घरटी एक पेंढी गवत त्याला द्यायचं. मग तो सशांना लावून वस्तीभोवतीचं सुकं गवत कापून घ्यायचा. त्या मोकळ्या पट्ट्याला जाळरेषा म्हणत. वणवा तिथवर येऊन थांबे.

निम्म्या पेंढ्या सशांची मजुरी. निम्म्या हत्ती स्वतः खाई.

एकदा शहराच्या कडेला राहून आलेलं मुंगूस सभेत उभं राहिलं. "हत्ती कशाला हवा? पेंढ्या मला द्या, बदल्यात न दिसणारं नाणं घ्या. कुणाकडे किती, ते सगळे पोपट पाठ ठेवतील. जाळरेषा त्या नाण्यांवर होईल."

"नाण्याला किंमत कुठून येणार?" हत्तीने विचारलं.

"विश्वासातून."

सगळ्यांत आधी मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या दोघांना काटे लागले. अक्षर बरं म्हणून खजिनदारही मलाच केलं आणि जाळरेषेची चाळीस नाणी माझ्या नावावर ठेवली.

ससे आले. "दादा, चाळीस नाणी द्या. कापायला लागतो."

तेवढ्यात पोपट ओरडले, "भाव दुप्पट!"

"उद्या या," मी म्हणालो. "उद्या विसातच काम होईल."

दुसऱ्या दिवशी दहात होणार होतं. फाल्गुन लागला तेव्हा दोन नाण्यांत सगळी जाळरेषा होत होती, आणि गवत तसंच उभं होतं.

आमचं बीळ अगदी कडेला. बायको म्हणाली, "अहो, पिल्लांच्या नाकात कुसळं जातात. कधी कापणार?"

"भाव बघ की, किती चढलाय!"

"तो वणव्याला सांगा."

होळीच्या आदल्या दिवशी भाव कोसळला. मी धावत सशांकडे गेलो. "चाळीसच्या चाळीस घ्या, पण आत्ता कापा!"

"नको, दादा. पेंढी असेल तर बोला."

पेंढ्या मुंगसाबरोबर गेल्या होत्या.

दुपारी वणवा आला. हत्ती न बोलावता आला आणि संध्याकाळपर्यंत गवत उपटत राहिला. वस्ती वाचली. आमचं बीळ तेवढं गेलं. पिल्लांना पुढे घालून बायको बाहेर पडली. मागे वळून म्हणाली, "रोजनिशी घेतलीत ना? आजचा भाव लिहून ठेवा."

मी हत्तीपुढे मान खाली घातली. "पुढच्या वर्षी पेंढी देऊ. निम्मी खाशील ना?"

"पाऊण," हत्ती म्हणाला. "यंदा उपास घडलाय."

तात्पर्य : बीळ जळतं, पण भाव पुन्हा चढतो. चाळीस नाणी अजून माझ्याकडेच आहेत. तेव्हा मुलांनो, विकायची घाई करू नका. आग विझवायला हत्ती आहेच.